आयजीएसटीवर भरलेलं व्याज परत मिळतं का? कोणाला मिळालंय का?

सावित्रीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. महाड एमआयडीसीत आमचा डाय इंटरमीडिएट्सचा छोटा कारखाना आहे. माल बहुतेक बाहेर जातो, आणि कच्चा माल ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर, म्हणजे शुल्क न भरता, आयात होतो. विषय किचकट आहे, म्हणून आधी मागचं थोडं सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावं.

जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा या परवान्यावर मूळ सीमाशुल्क माफच राहिलं, पण आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) भरावा लागू लागला. निर्यातदारांनी ओरड केली. १३ ऑक्टोबर २०१७ पासून तोही माफ झाला, पण सोबत 'प्री-इम्पोर्ट'ची अट आली: आधी माल आयात करा, त्याच मालातून वस्तू बनवा आणि मगच ती निर्यात करा. धंद्यात असं घडतं का? ऑर्डर आली की हाताशी असलेला कच्चा माल वापरून निर्यात करायची आणि मागाहून परवान्यावर तेवढाच माल आणून साठा भरून काढायचा, ही जुनी पद्धत. धोरणालाही ती मान्य होती. १० जानेवारी २०१९ ला सरकारने स्वतःच अट काढून टाकली. पण मधल्या काळातल्या आयातीवर डीआरआयच्या (महसूल गुप्तचर विभागाच्या) नोटिसा सुटल्या त्या सुटल्याच.

गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती अट रद्द ठरवली, तेव्हा सगळे निवांत झाले. मग २८ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉस्मो फिल्म्सच्या प्रकरणात तो निकाल फिरवला. अट वैध, आयजीएसटी भरा, आणि भरलेल्याचं क्रेडिट (पुढच्या जीएसटीतून वजावट) किंवा परतावा घ्या. त्यावर सीबीआयसीचं (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचं) ७ जून २०२३ चं परिपत्रक १६/२०२३ निघालं. त्यात कर भरायची पद्धत दिली होती, 'लागू असलेल्या व्याजासह'.

आता माझं दुखणं. जानेवारी २०१८ चं एक बिल ऑफ एन्ट्री (आयातीचं कस्टम्सकडे भरायचं पत्रक) घ्या. ४० लाखांचा माल, १८ टक्क्यांनी आयजीएसटी ७,२०,०००. जुलै २०२३ मध्ये भरला तेव्हा साडेपाच वर्षांचं १५ टक्क्यांनी व्याज झालं ५,९४,०००. कराचं क्रेडिट जीएसटीत मिळालं, म्हणजे सरकारच्या तिजोरीतही फिरून शून्य आणि आमच्याही. व्याजाला क्रेडिट नसतं. ते गेलं ते गेलंच. अशी आमची बरीच बिलं आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ए. आर. सल्फोनेट्सच्या याचिकेत सांगितलंय की हे व्याज घेताच येत नाही, घेतलं असेल तर परत करा. आमच्या बिलांचे दोन गठ्ठे आहेत. पहिला जुलै २०२३ मध्ये भरला, काहीही न लिहिता. दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये भरला, त्या वेळी 'कर मान्य, व्याज अंडर प्रोटेस्ट' (म्हणजे निषेध नोंदवून) असं पत्र देऊन पोच घेतली आहे. एक सल्लागार म्हणतो साधा परतावा अर्ज टाका, निकालाची प्रत जोडा, काम होईल. दुसरा म्हणतो विसरून जा. दोघांची फी मात्र सारखीच आहे.

कोणी यातून गेलंय का?


कंटेनरवाला

दादा, आम्ही उरणला कस्टम्स ब्रोकर आहोत, अशी पुष्कळ बिलं हाताखालून गेली आहेत. लोकांना वाटतं तुम्ही राजीखुशीने व्याज भरलं. प्रत्यक्षात काय होतं ते लिहितो. असेसमेंट ग्रुपकडे (कस्टम्समध्ये शुल्क ठरवणाऱ्या शाखेकडे) पत्र द्यायचं. ते जुनी 'आउट ऑफ चार्ज' (माल सोडायची परवानगी) सिस्टीममध्ये रद्द करतात, बिल पुन्हा असेस होतं, चलन तयार होतं आणि पैसे भरले की नावापुरती पुन्हा आउट ऑफ चार्ज पडते. चलनावर व्याजाचा आकडा आधीच येतो. कर भरतो, व्याज नंतर बघू, असा पर्यायच नसतो. आणि पैसे भरल्याशिवाय क्रेडिट नाही. म्हणजे तुमचं ७ लाखांचं क्रेडिट अडकवून ६ लाखांचं व्याज काढून घेतलं.

तुमच्या दुसऱ्या गठ्ठ्याचं पत्र कोणाच्या सहीने पोचलंय? ग्रुपची पोच आहे की नुसता आवक शिक्का? ते महत्त्वाचं आहे.


शिकाऊ_आर्टिकल

मूर्खासारखा प्रश्न वाटला तर माफ करा, सीए फायनलचा अभ्यास चालू आहे. कर उशिरा भरला तर व्याज लागणारच ना? कर सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. मग व्याज अवैध कसं?


तळटीप

शिकाऊ, मूर्खासारखा मुळीच नाही. सगळं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे. (मी अप्रत्यक्ष करांची वकिली करतो. इथलं लिखाण म्हणजे कोणाला दिलेला सल्ला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.)

संविधानाचं कलम २६५ म्हणतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. व्याजालाही असाच स्वतःचा आधार लागतो. उशीर झाला म्हणजे व्याज आलंच, हा सावकारी हिशेब करकायद्यात चालत नाही. इंडिया कार्बन विरुद्ध आसाम राज्य, १९९७, या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून टाकलंय: व्याज आकारणारी ठोस तरतूद कायद्यात असेल तरच व्याज.

आता आयातीवरचा आयजीएसटी येतो कुठून ते बघा. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १२ खाली लागतं ते मूळ सीमाशुल्क. आयजीएसटी त्याखाली लागत नाही. तो लागतो आयजीएसटी कायद्याच्या कलम ५(१) चं परंतुक आणि १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ ॲक्टचं कलम ३(७) यांतून. या कलम ३ मध्ये व्याजाची स्वतःची तरतूद नाही. आहे ती उसनवारी, कलम ३(१२): सीमाशुल्क कायद्यातल्या तरतुदी, ड्रॉबॅक, परतावा आणि शुल्कमाफी यांच्यासकट, जमेल तिथवर इथेही लागू. व्याज, दंड हे शब्द तिथे नव्हते. त्याच टॅरिफ ॲक्टच्या कलम ९अ मध्ये, अँटी-डम्पिंग शुल्काच्या बाबतीत, ते स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे संसदेला जिथे हवे होते तिथे तिने ते घातले.

हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२२ ला महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात मान्य केला. तिथे आयजीएसटी नव्हता, जुन्या काळचे सीव्हीडी आणि एसएडी (आयातीवरची अतिरिक्त शुल्कं) होते आणि त्यावर सेटलमेंट कमिशनने ठेवलेलं व्याज आणि दंड होता. विभागाची एसएलपी (अपिलाच्या परवानगीची विशेष याचिका) २८ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ए. आर. सल्फोनेट्समध्ये तेच सूत्र आयजीएसटीला लागलं आणि परिपत्रकातली व्याजाची मागणी तेवढ्यापुरती रद्द झाली.

सरकारने भोक बुजवलंय, हेही लिहायला हवं. २०२४ च्या वित्त (क्र. २) कायद्याने कलम ३(१२) नव्याने लिहिलं आणि त्यात व्याज, वसुली, अपील, गुन्हे, दंड सगळं नावानिशी घातलं. १६ ऑगस्ट २०२४ पासून ते लागू आहे. उच्च न्यायालयाच्या मते ते पुढच्या काळासाठी आहे, मागच्या आयातीला लागत नाही. आणि खरं तर ही दुरुस्तीच करदात्याच्या बाजूने बोलते. आधीपासून अधिकार होता तर २०२४ मध्ये तो लिहावा का लागला?


निवृत्त_अधीक्षक

वकीलसाहेबांनी एक बाजू मांडली. मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलो, तेव्हा दुसरी मी मांडतो. राग मानू नये.

परताव्याचा अर्ज टेबलावर आला की अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, निकाल तुमचा आहे का? नसेल तर मफतलाल इंडस्ट्रीज. नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ, डिसेंबर १९९६. दुसऱ्याच्या प्रकरणातल्या निकालावर बोट ठेवून स्वतःचा परतावा मागता येत नाही. दुसरा प्रश्न, तुमचं असेसमेंट कोणी बदललं का? नसेल तर आयटीसी लिमिटेड, सप्टेंबर २०१९, सर्वोच्च न्यायालय. असेसमेंटचा आदेश, मग तो सेल्फ-असेसमेंट का असेना, जोवर उभा आहे तोवर परतावा अधिकारी त्याच्या विरुद्ध जाऊन एक रुपया देऊ शकत नाही. तिसरा प्रश्न, सीमाशुल्क कायद्याच्या कलम २७ खालची एक वर्षाची मुदत. पैसे जुलै २०२३ मध्ये भरलेत, ती मुदत केव्हाच संपली.

पहिल्या सल्लागाराचं ऐकून नुसता अर्ज टाकलात तर या तीन मुद्द्यांवर तो नामंजूर होणार आणि अधिकाऱ्याला कोणी दोष देऊ शकणार नाही. शिवाय एसएलपी एका ओळीत फेटाळली म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घालून दिला असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचाच कुन्हायम्मद निकाल, २००० साल. विभाग हा मुद्दा वर नेणार हे धरूनच चाला.

आणि एक. निर्यातदाराने परवाना घेताना बॉण्ड लिहून दिलेला असतो. अट मोडली तर शुल्क आणि १५ टक्के व्याज भरीन, असं सहीशिक्क्यानिशी. ते विसरलात का?


सावित्रीकाठ

अधीक्षकसाहेब, राग कसला. माझ्या दोन्ही सल्लागारांनी मिळून एवढं सांगितलं नव्हतं. पण मग दुसरा सल्लागार बरोबर म्हणायचा का? विसरून जायचं?


बाळू_इचलकरंजी

इथे सगळे मोठे निर्यातदार बोलताहेत. आम्ही पॉवरलूमवाले. २०१८-१९ ला जीएसटी थोडा कमी भरला गेला, नोटीस आली, व्याज-दंडासकट भरून मोकळे झालो. आम्हाला या निकालाचा फायदा होईल का? आणि ती अभय योजना आली होती त्याचं काय?


सीए_काकू

बाळूदादा, दोन्हीचं उत्तर नाही. तुमचं व्याज देशांतर्गत जीएसटीचं, सीजीएसटी कायद्याच्या कलम ५० खालचं. तिथे व्याजाची तरतूद पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे. इथला वाद फक्त आयातीवरच्या करापुरता आहे.

अभय योजनेचं जास्त वाईट वाटतं. त्याच कायद्याच्या कलम १२८अ खाली २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० च्या कलम ७३ च्या (फसवणुकीचा आरोप नसलेल्या) मागण्यांत ३१ मार्च २०२५ पर्यंत फक्त कर भरला की व्याज-दंड माफ होत होता. पण त्याच कलमात लिहून ठेवलंय की आधीच भरलेलं व्याज आणि दंड परत मिळणार नाही. सांगलीतल्या माझ्या एका क्लायंटने नोटीस मिळताच सगळं भरलं होतं. त्याच्या शेजारच्याने अपिलात जाऊन वेळ काढला. शेजाऱ्याचं व्याज सुटलं. आता पहिल्याला मी काय तोंडाने सांगू की वेळेवर भरत जा?


बाळू_इचलकरंजी

म्हणजे भरणारा येडा. चालू द्या तुमचं. पण वाचतोय.


तळटीप

काकूंनी मर्मावर बोट ठेवलं. या धाग्यातही तेच दिसेल: जो भांडत राहिला त्याला रस्ता सोपा, ज्याने निमूट भरलं त्याला अवघड. अवघड म्हणजे बंद नव्हे, म्हणून आता अधीक्षकसाहेबांच्या मुद्द्यांना उत्तर देतो. मुद्दे सगळे खरे आहेत.

आधी बॉण्ड. विभाग ते दाखवणारच. पण कायद्याने जो अधिकार दिलेला नाही तो करदात्याच्या सहीने निर्माण होत नाही, असं माझं मत. करवसुली हा करार नाही. या मुद्द्यावर युक्तिवाद करावा लागेल एवढं मात्र खरं.

दुसरा गठ्ठा, अंडर प्रोटेस्टचा. हा तुमचा भक्कम गठ्ठा. कलम २७(१) च्या परंतुकानुसार निषेध नोंदवून भरलेल्या रकमेला एक वर्षाची मुदत लागतच नाही. पण अनेक जण इथेच फसतात. निषेधाने फक्त मुदत उघडी राहते. आयटीसी निकालाचा अडथळा तसाच राहतो, असेसमेंट बदलून घ्यावंच लागतं. त्यासाठी कलम १७(५) बघा. अधिकाऱ्याने पुन्हा असेसमेंट केलं आणि आयातदाराने ते लेखी मान्य केलं नसेल, तर पंधरा दिवसांत स्पीकिंग ऑर्डर (कारणं देणारा लेखी आदेश) देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला ती मिळाली का? बहुधा नाही. मग आता लेखी मागा. पत्रात लिहा की कर मान्य होता, व्याज मान्य नव्हतं, अमुक तारखेच्या पत्राने निषेध नोंदवला होता, व्याजापुरती स्पीकिंग ऑर्डर द्या. ती हातात पडली की ६० दिवसांत कलम १२८ खाली आयुक्त (अपील) यांच्याकडे जायचं. अपील जिंकलात की मग तो निकाल तुमचा स्वतःचा. कलम २७(१ब) नुसार अपिलाच्या आदेशापासून परताव्यासाठी नव्याने एक वर्ष मिळतं. मफतलालचाही प्रश्न उरत नाही, कारण आता तुम्ही दुसऱ्याच्या निकालावर स्वार नाही.


निवृत्त_अधीक्षक

कलम १७(५) चा मार्ग मला मान्य. पण एक हरकत येईल. परिपत्रकाखाली असेसमेंट बदला असं आयातदारानेच पत्र दिलेलं असतं. अधिकारी म्हणेल, तुमच्याच विनंतीवरून केलं, मग मान्यता वेगळी कशाला हवी?


तळटीप

येईल, बरोबर. म्हणून विनंतीच्या पत्रातले शब्द महत्त्वाचे. 'कर मान्य, व्याज अंडर प्रोटेस्ट' असं लिहिलेलं असेल तर मान्यता करापुरतीच आहे. सावित्रीकाठ, ते पत्र शोधून त्यातले शब्द वाचा. पोच कोणाची, हा कंटेनरवाल्यांचा प्रश्नही त्यासाठीच आहे.

पहिला गठ्ठा. जुलै २०२३, निषेध नाही. अपिलाची मुदत ६० दिवस आणि वर ३० दिवसांची सवलत, ती कधीच संपली. आयुक्त (अपील) त्यापुढे एक दिवसही माफ करू शकत नाहीत. कलम २७ ची मुदतही गेली. उरलं काय? एक, कलम १४९ किंवा १५४ खाली बिल ऑफ एन्ट्रीत दुरुस्तीचा अर्ज. डायमेन्शन डेटा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय की असेसमेंट बदलायला अपील हाच एकमेव मार्ग नाही, या कलमांखालीही दुरुस्ती होऊ शकते. पण ते वर्गीकरणाचं प्रकरण होतं. व्याजाला ते लावून घ्यायला झगडावं लागेल. दोन, अनुच्छेद २२६ खाली थेट रिट याचिका. आधाराशिवाय वसूल केलेली रक्कम सरकारने ठेवून घेऊ नये, या तत्त्वावर. इथे न्यायालयं साधारण तीन वर्षांचा मापदंड बघतात, म्हणून जुलै २०२६ च्या आत दाखल झालेली बरी. विभाग मफतलाल वाचून दाखवेलच. तुमचं उत्तर असं की परिपत्रकातली व्याजाची मागणी याच न्यायालयाने रद्द केलीय, आणि त्याच परिपत्रकाखाली आमचे पैसे घेतलेत.

मिळेलच असं मी म्हणणार नाही. पहिल्या गठ्ठ्यातली रक्कम मोठी असेल तरच रिट करा. पन्नास-साठ हजारांसाठी हायकोर्टाच्या पायऱ्या चढू नका, वकिलाचंच भलं होईल. (वकील असून लिहितोय, नोंद घ्यावी.)


मांडवी

वेर्ण्याहून लिहितेय, गोवा. आमचं ईपीसीजीचं (निर्यातीच्या बोलीवर शुल्कमाफीने यंत्रं आणायच्या योजनेचं) प्रकरण आहे. निर्यातीचं बंधन पूर्ण झालं नाही, मशीनवरचं शुल्क व्याजासह भरलं, २०२३ अखेरीस. त्यात मूळ सीमाशुल्क आणि आयजीएसटी दोन्ही आहेत. हा निकाल आम्हालाही लागू होतो का?


तळटीप

मांडवीताई, चलनाचे दोन भाग करा. मूळ सीमाशुल्कावरचं व्याज सोडून द्या. ते कलम १२ खालचं शुल्क आहे, कलम २८अअ थेट लागतं, त्यात वाद नाही. आयजीएसटीवरच्या व्याजापुरता हाच युक्तिवाद करता येतो. पण तुमच्याकडे निर्यात झालीच नाही. सावित्रीकाठांची निर्यात पूर्ण झालेली आहे, फक्त क्रम चुकला. न्यायालयासमोर दोघांचे चेहरे वेगळे दिसतात, कायदा सारखा असला तरी.

एक गोष्ट मात्र हाताशी ठेवा. डीजीएफटीने (परदेश व्यापार महासंचालनालयाने) एप्रिल २०२३ मध्ये जुन्या ॲडव्हान्स आणि ईपीसीजी परवान्यांसाठी ॲम्नेस्टी काढली होती, त्यात सीव्हीडी आणि एसएडीच्या भागावर व्याज नाही असं स्वतः सरकारनेच लिहिलं होतं. तो पुरावा नव्हे, पण सरकारची नजर कशी होती ते दिसतं.


मांडवी

चेहऱ्याचं कळलं. :) देव बरें करूं. आमची रक्कम फार मोठी नाही, साहेबांशी बोलून ठरवते.


सीए_काकू

सगळे कायद्यावर बोलताय, मी वह्यांवर बोलते. परतावा मंजूर होऊनही हातात येत नाही असं घडतं, कारण अन्यायकारक लाभाचा नियम. तुम्ही तो बोजा ग्राहकावर ढकलला नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. नाही केलंत तर मंजूर रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा होते. जिंकून पैसे निधीला.

सावित्रीकाठ, तुमच्याकडे याचं फार चांगलं उत्तर आहे. निर्यात २०१८ ची, बिल त्याच वेळी झालं, पैसेही त्याच वेळी आले. व्याज भरलं २०२३ मध्ये. पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या बिलावर परदेशी ग्राहकाकडून हे व्याज वसूल होणं शक्यच नाही. सीएचा दाखला घेताना हे वाक्य त्यात असू द्या, नुसता छापील मसुदा नको. निर्यातीची बिलं आणि बँकेचे दाखले जोडा.

आता अवघड प्रश्न. ताळेबंदात ते व्याज कुठे दाखवलंय? 'सीमाशुल्क विभागाकडून येणे' असं असेल तर उत्तम. खर्चात टाकलं असेल तर अधिकारी म्हणणार की खर्च किमतीत धरला, म्हणजे ग्राहकाकडून घेतला. त्याला उत्तर देता येतं, पण वेळ जातो. आणि खर्चात टाकून त्यावर आयकराची वजावट घेतली असेल तर परतावा आला की ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाईल, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४१(१). दोन्हीकडून गोड करता येत नाही.


सावित्रीकाठ

काकू, आत्ताच अकाउंटंटला विचारलं. दुसऱ्या गठ्ठ्याचं 'येणे' म्हणून आहे. पहिल्याचं खर्चात टाकलंय.


तात्या_डोंबिवली

आमचं उलट आहे. आम्ही परिपत्रकाखाली भरलंच नाही. नोटिशीला उत्तर दिलं, आदेश विरोधात गेला: आयजीएसटी, व्याज, तेवढाच दंड आणि वर रिडेम्प्शन फाइन (जप्त माल सोडवायची रक्कम). साडेसात टक्के प्री-डिपॉझिट (अपिलासाठी आधी भरायची रक्कम) भरून सेस्टॅटमध्ये (अप्रत्यक्ष करांच्या अपील न्यायाधिकरणात) अपील पडून आहे. बायको म्हणते भरून टाका, झोप तरी लागेल. भरू का?


तळटीप

तात्या, मुळीच भरू नका, म्हणजे व्याज आणि दंड तरी. या धाग्यावर सगळ्यात चांगली जागा तुमची आहे. असेसमेंट अंतिम झालेलं नाही, मुदतीचा प्रश्न नाही, अन्यायकारक लाभाची कटकट नाही. अपिलात महिंद्रा आणि सल्फोनेट्सचा मुद्दा आधी घेतला नसेल तर जादा मुद्दा म्हणून अर्ज द्या. निव्वळ कायद्याचा प्रश्न आहे, घेऊ देतात. सल्फोनेट्समध्ये व्याजाबरोबर दंड आणि रिडेम्प्शन फाइनचाही विचार झालाय. मूळ आयजीएसटी मात्र कॉस्मो फिल्म्समुळे द्यावाच लागेल, तो भरून क्रेडिट घ्यायचा विचार करा.

आणि जिंकलात तर प्री-डिपॉझिटवर कलम १२९इइ खाली भरल्या तारखेपासून व्याज मिळतं.


तात्या_डोंबिवली

किती टक्के?


तळटीप

सहा.


तात्या_डोंबिवली

आम्ही देतो तेव्हा पंधरा, ते देतात तेव्हा सहा. लोकशाही.


निवृत्त_अधीक्षक

तात्या, साध्या परताव्यात तर तेही भरल्या तारखेपासून नाही. अर्ज दिल्यावर तीन महिने उलटले तर पुढच्या दिवसांचे सहा टक्के, कलम २७अ. म्हणून अर्ज अपुरा देऊ नका. कागद कमी असले की त्रुटीपत्र निघतं आणि ते तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला विभागाला कारण मिळतं. मी अशी त्रुटीपत्रं पुष्कळ काढली आहेत. काही खरोखर गरजेची होती.


शिकाऊ_आर्टिकल

एक शंका. माल गुजरातच्या बंदरात उतरला आणि कारखाना महाराष्ट्रात, तर रिट कुठे? मुंबईचा निकाल तिथे बंधनकारक आहे का?


तळटीप

ज्या कार्यालयाने व्याज घेतलं त्याच्या उच्च न्यायालयात जाणं सुरक्षित. मुंबईचा निकाल तिथे बंधनकारक नाही, पण वजनदार नक्की. सावित्रीकाठ, तुमची सगळी बिलं एकाच बंदराची आहेत ना? नसतील तर गठ्ठे दोन नाहीत, चार आहेत.


सावित्रीकाठ

सगळी न्हावा शेवाचीच आहेत, तेवढी कृपा. पत्र सापडलं. वाक्य असं आहे: 'आयजीएसटी भरण्यास आमची हरकत नाही, व्याजाची आकारणी आम्हास मान्य नसून ती रक्कम अंडर प्रोटेस्ट भरत आहोत.' त्यावर ग्रुपच्या अधिकाऱ्याची सही आणि तारीख आहे, नुसता शिक्का नाही.

तर ठरवलंय ते असं. दुसऱ्या गठ्ठ्यासाठी प्रत्येक बिलाचं वेगळं पत्र देऊन स्पीकिंग ऑर्डर मागतो. पहिल्या गठ्ठ्याची व्याजाची बेरीज काढली, ती लाखांत आहे, सोडवत नाही. काकूंनी सांगितलेला दाखला आधी करून घेतो, मग वकिलांकडे रिटसाठी. खर्चात टाकलेल्या रकमेवर काय म्हणायचं तेही त्यांनाच विचारतो. दोन्ही सल्लागारांना आजपुरती सुट्टी.

कंटेनरवाले दादा, पहिल्या गठ्ठ्याच्या काही चलनांच्या प्रती आमच्याकडे नाहीत. त्या वेळचा ब्रोकर आता फोन उचलत नाही. कुठून मिळतील?


कंटेनरवाला

आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून ई-पेमेंटची नोंद बिल नंबर टाकून बघा, चलन तिथून उतरवता येतं. ब्रोकरच्या लॉगिनवर विसंबू नका. लॉगिन नोंदलेलं नसेल तर आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) आधी ते करून घ्या, डिजिटल सही लागेल. उतरवलेल्या प्रत्येक चलनावर कर आणि व्याज वेगळ्या ओळीत दिसतंय का ते तपासा. एकत्र रक्कम दिसत असेल तर पुन्हा असेस झालेल्या बिल ऑफ एन्ट्रीची प्रतही सोबत जोडा, नाहीतर अधीक्षकसाहेबांचं त्रुटीपत्र आलंच म्हणून समजा.


निवृत्त_अधीक्षक

मी निवृत्त झालोय हो. पण जोडा.